पायवाटेची राखण

श्रोतेहो, आपल्या भाषेंत रस्ता 'बांधतात' आणि वाट 'पडते'. या दोन क्रियापदांत जो भेद आहे, तोच आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे. रस्त्याला नकाशा लागतो, अंदाजपत्रक लागतें, कंत्राटदार लागतो; आणि तो बिघडला म्हणजे तक्रार कोणाकडे करावयाची हें निदान कागदावर तरी ठरलेलें असतें. वाटेचें तसें नाहीं. दहा माणसें एका दिशेनें दहा दिवस चाललीं कीं गवत दबतें, माती उघडी पडते आणि अकराव्या दिवशीं येणारा मनुष्य निःशंकपणें तिच्यावर पाऊल टाकतो. तिला जन्मदाता नाहीं, म्हणून वारसही नाहीं. जी आपोआप पडली ती आपोआप टिकेलही, असा आपला एक सोयीस्कर समज आहे. हा समज खरा नाहीं. आणि त्याच्या खोटेपणाच्या खुणा आपल्या शहरांलगतच्या टेकड्यांवर घळीघळींनीं उमटलेल्या आहेत.

येथें मी शेताला, विहिरीला किंवा बाजाराला नेणाऱ्या वाटेविषयीं बोलत नाहीं. सकाळ-संध्याकाळ मोकळ्या हवेसाठीं, पायांना व्यायाम व्हावा म्हणून, मुलांना मोर दाखवावा म्हणून, किंवा नुसतेंच घराबाहेर पडावें म्हणून आपण ज्या वाटेनें टेकडी चढतों, त्या वाटेविषयीं मला बोलावयाचें आहे. ही वाट कोणाचीच नसते, आणि म्हणूनच ती कोणीं राखावी हा प्रश्न बिकट आहे.

पूर्वीं डोंगरांतल्या वाटा राखल्या जात, कारण त्या कोणाच्या तरी पोटाच्या वाटा होत्या. जुन्नरजवळचा नाणेघाट घ्या. कोंकणांतील बंदरांतून घाटावर येणारा हा मार्ग सातवाहनांच्या काळापासून प्रसिद्ध आहे. त्याच्या माथ्यावर त्या राजकुळाचा शिलालेख असलेलें लेणें आहे, आणि जवळच एक भला मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत, असें परंपरा सांगते. तो रांजण जकातीचा असो वा नसो, त्या परंपरेंतलें व्यवहारज्ञान मात्र खोटें नाहीं. वाट चालती ठेवावयाची तर तिच्या माथ्यावर कोठें तरी एक रांजण असावा लागतो. ज्या वाटेनें किल्ल्यावर धान्य चढे, ती वाट मोडून चालण्यासारखी नसे. ज्या वाटेनें पाणी घरीं येई, तिच्यावरचा निखळलेला दगड पाणी आणणारीच कोणी तरी पुन्हा बसवी. उपयोग आणि राखण या दोन गोष्टी एकाच हातांत होत्या.

आपल्या फिरण्याच्या वाटेवरून धान्य चढत नाहीं आणि माल उतरत नाहीं. वर जातें तें केवळ आपलें शरीर, आणि खालीं येतें तें थोडेंसें प्रसन्न झालेलें मन. यावर जकात बसविणें शक्य नाहीं व इष्टही नाहीं. मग या वाटेचा रांजण कोणता? या प्रश्नाचें एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील कांहीं सामान्य नागरिकांनीं दिलें. तें ऐकण्यासारखें आहे.

अमेरिकेच्या पूर्वभागांत किनाऱ्याला बरीचशी समांतर अशी ॲपलाशियन नांवाची जुनी पर्वतरांग पसरली आहे. १९२१ च्या ऑक्टोबरांत बेंटन मकाय नांवाच्या वनशास्त्राच्या पदवीधरानें वास्तुशिल्पज्ञांच्या एका नियतकालिकांत लेख लिहून अशी सूचना केली कीं, या रांगेच्या माथ्यामाथ्यानें एक अखंड पायवाट आंखावी. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत थकलेल्या माणसाला चार दिवस डोंगरावर काढतां यावे, आणि दुरून आपल्या जीवनाकडे पाहतां यावें, हा त्याचा हेतु होता. १९२५ च्या मार्च महिन्यांत वॉशिंग्टन येथें परिषद भरून या कामासाठीं एक संस्था स्थापन झाली. परंतु लेख व परिषद यांनीं वाट होत नाहीं. पहिला उत्साह ओसरल्यावर तें काम ज्यानें खांद्यावर घेतलें, तो मायरन एव्हरी नांवाचा एक वकील होता. अंतर मोजण्याचें एक चाक पुढें ढकलीत तो वाट मोजीत चाले, चालतां चालतां टिपणें घेई आणि गांवोगांवच्या उत्साही लोकांचीं मंडळें उभीं करी. १९३७ च्या ऑगस्टांत मेन राज्यांतला शेवटचा तुकडा जोडला गेला आणि सुमारे ३,२०० किलोमीटरांची वाट अखंड झाली. आज ती सुमारे ३,५०० किलोमीटरांची असून १४ राज्यांतून जाते.

ही कथा गोड शेवटाची नाहीं, म्हणूनच मला ती विश्वासार्ह वाटते. मकाय आणि एव्हरी या दोघांत पुढें तीव्र मतभेद झाला. व्हर्जिनियांत शेनँडोआच्या डोंगरमाथ्यावरून मोटारींसाठीं रस्ता काढण्याचें ठरलें, आणि पायवाटेला बाजूला सरावें लागलें. मोटार आली कीं रान गेलें, तेव्हां विरोध केला पाहिजे, असें मकायचें म्हणणें; तर वाट बाजूला घेऊन का होईना, अखंड ठेवली पाहिजे, असें एव्हरीचें म्हणणें. दोघेही सज्जन, दोघेही त्या वाटेवर जीव टाकणारे. परंतु १९३५ च्या सुमारास जें फाटलें तें पुन्हा सांधलें नाहीं. पुढें १९३८ च्या सप्टेंबरांतील मोठ्या वादळानें उत्तरेकडील वाटेवर असंख्य झाडें आडवीं झालीं. पाठोपाठ महायुद्ध आलें, राखणारे हात रणांगणावर गेले आणि वाट जागोजाग मोडली. १९४८ सालीं युद्धावरून परतलेला अर्ल शेफर नांवाचा तरुण ती एका दमांत, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालून गेला, तेव्हां कित्येक ठिकाणीं त्याला वाट शोधीतच जावें लागलें. १९५१ सालीं ती पुन्हा सलग झाली. १९६८ सालीं त्या देशाच्या संसदेनें कायदा करून तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा दिला.

आपण लक्षांत घेण्याजोगी गोष्ट यापुढची आहे. कायदा झाला, सरकारनें पुष्कळशी जमीन विकत घेतली, अधिकारी नेमले; तरीही कुदळ-फावडें हातीं घेणारे हात मुख्यतः नागरिकांचेच राहिले. ती सारी वाट सुमारे तीस स्थानिक मंडळांनीं आपसांत वांटून घेतली आहे. मंडळ आपला वांटा पुन्हा सभासदांत वांटतें. कोणाकडे तीन मैल, कोणाकडे पांच. तेवढ्या तुकड्याचें गवत, तेवढ्याच तुकड्यावरचे चर आणि झाडांच्या खोडांवरच्या पांढऱ्या खुणा त्या एका माणसानें पाहावयाच्या. हजारों माणसें मिळून वर्षाकांठीं सुमारे दोन लाख तास असें बिनमोल काम करतात. २०२४ च्या सप्टेंबरांत हेलेन नांवाच्या चक्रीवादळानें दक्षिणेकडील राज्यांत या वाटेची दाणादाण उडविली. तेव्हां करवती घेऊन जे लोक रानांत शिरले त्यांत या मंडळांचे सभासद होते. तात्पर्य एवढेंच कीं, वाट कितीही लांब असो, राखण आंखूड असावी. प्रत्येकाच्या वांट्याला जितका तुकडा त्याच्या डोळ्यांत मावेल तितकाच यावा.

आतां, राखण म्हणजे नेमकें काय? आपल्याकडे या कामाची कल्पना बहुधा केर उचलण्यापाशीं थांबते. एखाद्या रविवारीं दहा-वीस मंडळी पिशव्या घेऊन जातात, कागद आणि बाटल्या गोळा करतात, एक छायाचित्र काढतात आणि घरीं येतात. हें वाईट नाहीं. ज्या गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेऊन गांवेंच्या गांवें झाडलीं, त्यांच्या महाराष्ट्रांत केर उचलण्याला हलकें कोण म्हणेल? परंतु केर उचलणें ही वाटेची आंघोळ झाली. तिचें औषधपाणी निराळें आहे. वाटेचा रोग केर हा नसून पाणी हा आहे.

टेकडीचा उतार ज्या दिशेनें सरळ खालीं जातो, त्याच दिशेनें वाट गेली, तर ती फार दिवस वाट राहत नाहीं. ती ओहोळ होते. पाय माती सैल करतात आणि पाऊस ती वाहून नेतो. एका पावसाळ्यांत बोटभर खांच पडते, दुसऱ्यांत वीतभर, आणि चार-पांच वर्षांत गुडघाभर घळ होते. घळींतून चालवत नाहीं म्हणून माणसें तिच्या कांठानें चालतात. मग तो कांठही ढासळतो. अशा रीतीनें एका वाटेच्या तीन होतात, आणि तीन घळी मिळून सारी उतरण उघडी पडते. आपल्या टेकड्यांवर काळ्या पाषाणावर मातीचा थर मुळांत पातळ असतो. ती माती व्हावयास शतकें लागलीं. जावयास पांच पावसाळे पुरतात.

याला उपाय आहे आणि तो शाळेंतल्या भूमितीपेक्षां कठीण नाहीं. पहिला नियम असा कीं, वाट उताराला आडवी, तिरपी जावी. तिचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा. टेकडी शंभर फुटांत वीस फूट चढत असेल, तर वाटेनें शंभर फुटांत दहा फुटांहून अधिक चढूं नये. असें असलें म्हणजे पाणी वाटेच्या लांबीनें न धांवतां तिला ओलांडून पलीकडे जातें. दुसरा नियम असा कीं, वाटेची दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षां किंचित् खालीं असावी. तीन फूट रुंदीला दोन बोटें पुरेत. पायाला तो उतार जाणवतही नाहीं, पाण्याला मात्र बरोबर जाणवतो. तिसरा नियम असा कीं, जेथें वाट उतरणीनें जाणें अटळच आहे, तेथें अंतराअंतरानें तिरप्या दगडांची ओळ आडवी घालून पाणी बाहेर काढावें. हे दगड दोन-तृतीयांश जमिनींत पुरलेले आणि एक-तृतीयांश वर असावेत, नाहीं तर पहिल्याच हंगामांत ते निखळतात. ती ओळ अगदीं काटकोनांत घातली तर तिच्यामागें गाळ सांचून ती बुजते. तिरपी घातली तर पाणी आपला गाळ आपणच वाहून नेतें. आणि चौथा नियम असा कीं, त्या दगडांच्या टोंकाशीं पाण्याला बाहेर पडावयास जें तोंड ठेवलेलें असतें, तें दर वर्षीं मोकळें करावें. सारी स्थापत्यविद्या केली आणि हें तोंड बुजूं दिलें, तर सारें व्यर्थ आहे.

पाण्याखालोखाल वाटेचा शत्रु म्हणजे आपली घाई. नागमोडी वाटेच्या वळणावर आलें कीं, चार पावलें वांचविण्यासाठीं मधूनच सरळ उतरण्याचा मोह होतो. माझ्या वर्गांत गणिताच्या मधल्या पायऱ्या गाळून उत्तर लिहिणारे विद्यार्थी असत. त्यांचें उत्तर कधीं बरोबरही येई, पण मागून येणाऱ्याला त्यावरून कांहींच शिकतां येत नसे. वळण चुकविणारा मनुष्य याच जातीचा. त्याचीं चार पावलें वांचतात, परंतु त्याची आडवाट हीच पुढच्या पावसाळ्यांत पाण्याची सरळ वाट होते. यासाठीं फलक लावून फारसा उपयोग होत नाहीं, कारण फलक वाचणारा मनुष्य मुळांतच वळणानें जाणारा असतो. अशा जागीं वाळक्या काटेरी फांद्या आणि दोन-चार मोठे धोंडे टाकावेत. काटा जो उपदेश करतो तो तत्काळ पटतो.

वाटेची डागडुजी करावयाची म्हणजे तिला सिमेंटनें झांकावयाची, असा एक समज आपल्याकडे रूढ होत चालला आहे. कोठून तरी निधि येतो, मार्च महिना जवळ आलेला असतो, आणि टेकडीच्या अंगावर पायऱ्यांचा जिना चढूं लागतो. जेथें चढण खडी आहे आणि दुसरा मार्गच नाहीं, तेथें दगडी पायरी हवीच. तिच्याशीं माझें भांडण नाहीं. परंतु उंच सिमेंटी पायऱ्यांचे दोष थोड्याच दिवसांत दिसूं लागतात. त्यांच्या कडेनें पाणी वेगानें धांवतें, माती कापून नेतें आणि पायरी अधांतरीं राहते. म्हाताऱ्या गुडघ्यांना त्या मानवत नाहींत, म्हणून माणसें पायऱ्या सोडून कडेच्या मातीवरून चालूं लागतात, आणि ज्या मातीला वांचविण्यासाठीं पायऱ्या केल्या तीच पुन्हा तुडविली जाते.

जेथें चिखल हाच रोग आहे, तेथेंही सुटे दगड पुरतात. इंग्लंडांत १९६५ सालीं खुली झालेली पेनाइन वे नांवाची सुमारे ४३० किलोमीटरांची पायवाट आहे. तिचा कांहीं भाग कुजकट, ओल्या जमिनीवरून जातो. लोकांच्या पायांखालीं त्या जमिनीचा चिखल होऊन वाट कांहीं ठिकाणीं एखाद्या मैदानासारखी रुंदावली. तेव्हां तेथें मोठाल्या फरश्या टाकून वाट पुन्हा अरुंद करण्यांत आली, आणि त्यांतल्या कित्येक फरश्या बंद पडलेल्या जुन्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या होत्या. ज्या फरशीवर एके काळीं गिरणीकामगार दिवसभर उभा राहिला, तिच्यावरून आज सुटीचा प्रवासी चालतो. सिमेंटचें एक पोतेंही न लागतां ती जमीन सांवरली.

आतां घराकडे येऊं. मी पुण्याचा रहिवासी असल्यामुळें उदाहरण येथलेंच देतों. इतर गांवच्या श्रोत्यांनीं त्यांत आपापल्या टेकडीचें नांव घालून घ्यावें. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी ही या शहरांतली सर्वांत उंच टेकडी. तिच्या अंगाखांद्यावरून रोज कितीतरी माणसें चालतात. तिच्यावर सालई, मोई, गणेर यांसारखीं येथलीं मूळचीं झाडें आहेत, मोर आहेत. आणि मध्य अमेरिकेंतून आलेल्या, हौसेनें लावलेल्या गिरिपुष्पाची दाटीही आहे. पुण्यास वर्षाकांठीं सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळें येथल्या वाटेचें पंचांग आपोआप ठरतें. वैशाखांत चर आणि पाण्याचीं तोंडें मोकळीं करावयाचीं. पहिल्या मोठ्या पावसांत छत्री घेऊन वाटेवर जावयाचें आणि पाणी कोठून कोठें जातें तें पाहून टिपून ठेवावयाचें. हें काम दुसऱ्या कोणत्याही दिवशीं होत नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास माती ओली, मऊ आणि बसती असते, तेव्हां वाटेची कड नीट करावयाची व दगड घालावयाचे. माघ-फाल्गुनापासून गवत वाळतें आणि एका विडीच्या थोटकानें वणवा पेटूं शकतो. तेव्हां वाटेलगतचें वाळलें गवत कापावयाचें आणि डोळे उघडे ठेवावयाचे. भर उन्हाळ्यांत कुदळ मारूं नये. तेव्हां जमीन दगडासारखी असते, आणि जी माती निघते ती पहिल्याच वळवांत वाहून जाते.

आमच्या भागांतले आम्ही आठ-दहा जण गेलीं कांहीं वर्षें रविवारच्या सकाळीं हें काम करतों. आरंभीं आमचे दगड टिकत नसत. एके दिवशीं शेजारच्या बांधकामावरचा एक वयस्क वडार कारागीर उभा राहून आमची खटपट पाहत होता. तो म्हणाला, "मास्तर, दगड उभा करायचा नसतो, निजवायचा असतो." मग त्यानें एक धोंडा हातांनीं फिरवून त्याचें रुंद बूड शोधलें, बुडाच्या आकाराचा खळगा केला, धोंडा त्यांत निजवला, भोंवतीं बारीक कपची ठोकली आणि त्याच्यावर उभें राहून दाखविलें. तो धोंडा अजून तेथेंच आहे. तेव्हांपासून आम्हीं एक रीत ठेवली आहे. दगडाचें अवघड काम निघालें कीं वर्गणीच्या पैशांतून त्या कारागिराला बोलवावयाचें, त्याची रोजंदारी पुरी द्यावयाची, आणि आपण त्याच्या हाताखालीं घमेलीं वाहावयाचीं. आपण हौसेनें फुकट काम करतों म्हणून ज्याचें पोट त्या कामावर आहे त्यालाही फुकट राबवावें, हा न्याय नव्हे.

मंडळ काढण्याविषयीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पहिली गोष्ट परवानगीची. टेकडी आपल्या पायांच्या ओळखीची असली तरी जमीन वनखात्याची, महापालिकेची किंवा एखाद्या खासगी मालकाची असते. वनखात्याच्या जमिनीवर विचारल्यावांचून एक चर खणणेंही गैर आहे. अर्ज करावा, नकाशा जोडावा, काय करणार आणि काय करणार नाहीं तें लिहून द्यावें. उत्तराला उशीर लागतो. तो लागूं द्यावा. दुसरी गोष्ट हिशेबाची. १८६० च्या संस्था नोंदणीच्या कायद्याप्रमाणें सात माणसें एकत्र आलीं म्हणजे संस्था नोंदवितां येते. आपल्या राज्यांत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीं ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदली जाते, आणि मग दर वर्षीं हिशेब तपासून घेणें भाग पडतें. पुष्कळांना ही कटकट वाटते. मला ती संस्थेची पाठराखण वाटते. कुदळी कितीच्या आणल्या, कारागिराला काय दिलें, चहाला काय लागलें, हें सारें कागदावर असलें म्हणजे मंडळांत वाद झाले तरी ते पैशावरून होत नाहींत. आणि वाद तर होणारच. एव्हरी आणि मकाय यांच्यासारख्यांत झाले, ते आपल्यांत कां होऊं नयेत? वाट रुंद करावी कीं अरुंद, बाक ठेवावे कीं ठेवूं नयेत, कुत्रीं न्यावींत कीं नेऊं नयेत, यावर माणसें हिरीरीनें भांडतात. भांडावें; फक्त रविवारीं सकाळीं कामाला यावें आणि भांडण खालीं उतरल्यावर करावें.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. सरकारला कर देतों, मग सरकारनें करावें. सरकारनें करावें हें खरेंच. परंतु सरकार बांधूं शकतें, राखूं शकतेंच असें नाहीं. बांधण्याला रक्कम लागते आणि ती एकदांच लागते. राखण्याला नजर लागते आणि ती रोज लागते. कोणत्या दगडाखालून माती निसटूं लागली आहे, हें रोज त्यावर पाय ठेवणाऱ्यालाच कळतें. तें वेळीं कळलें तर एका घमेल्यानें भागतें. न कळलें तर पुढें त्याच जागीं निविदा काढावी लागते.

याहून मोठें कारण एक आहे. शहर वाढत आहे आणि मोकळी जमीन आटत आहे. जी टेकडी ओसाड दिसते, जिच्यावर घळी पडलेल्या आहेत, जिच्यावर संध्याकाळीं जावयास बायकामुलांना भय वाटतें, ती टेकडी कोणाच्याच उपयोगाची नाहीं, असें म्हणणें फार सोपें असतें. आणि एकदां तसें म्हटलें गेलें म्हणजे तिचा निराळा उपयोग सुचविणारे पुष्कळ निघतात. जिच्यावर रोज माणसें चालतात, जिची वाट नीट आहे, जिच्या वाटेचा तुकडा न् तुकडा कोणा ना कोणाच्या देखरेखीखालीं आहे, तिच्याविषयीं असें बोलण्याला जीभ अडखळते. अर्ज, सभा आणि न्यायालयें यांची गरज पडेल तेव्हां पडो. परंतु वापरांत असलेली आणि राखलेली वाट हा टेकडीच्या बाजूचा पहिला साक्षीदार आहे.

आणि शेवटीं आपल्या सुशिक्षित घरांविषयीं एक शब्द. आपण वर्गणी देतों, पत्रें लिहितों, व्याख्यानें देतों. मी तर आतांही तेंच करीत आहें. परंतु कुदळ आपल्या घरांतून नाहींशी झाली, आणि तिच्याबरोबर जमिनीची ओळखही गेली. माझ्या वर्गांतल्या मुलांना मीं चाळीस वर्षें 'मृदेची धूप' हा धडा शिकविला. परीक्षेंत त्यांनीं उत्तरेंही बरोबर लिहिलीं. पण एका आठ वर्षांच्या मुलीनें वाटेवरचें बुजलेलें तोंड काठीनें मोकळें केलें, सांचलेलें गढूळ पाणी सळसळत बाहेर गेलें आणि ती आनंदानें ओरडली, तेव्हां तो धडा त्या मुलीला जितका समजला तितका त्या वर्गांत फारच थोड्यांना समजला असेल. हातानें केलेलें काम बुद्धीला जें सांगतें तें पुस्तकाच्या आधीं सांगतें.

माझा वेळ संपत आला. नवें मंडळ काढण्याचा, पैसे जमविण्याचा, फलक लावण्याचा आग्रह मी आपणांस करीत नाहीं. आपल्या घरापासून चालत जातां येईल अशी एखादी टेकडीची वाट निवडा. तिचा शंभर पावलांचा तुकडा मनाशीं आपला म्हणा. पहिला जोराचा पाऊस आला कीं छत्री घेऊन त्या शंभर पावलांवर उभे राहा आणि पाणी कोठून येतें, कोठें थांबतें, कोठून माती घेऊन जातें, एवढेंच पाहा. जातांना बरोबर घरांतलें एखादें मूल घेऊन जा. परत आल्यावर काय करावयाचें, हें मग माझ्यासारख्या मास्तरानें सांगावयास नको. त्या मुलालाच तें आधीं सुचलेलें असेल.